आतड्याची सूज आणि आंबवलेले अर्क

ठाणे-नवी मुंबईतून येणाऱ्या पत्रांत सध्या एकच विषय आहे: वनस्पतींचे आंबवलेले अर्क आतड्याची सूज रोखतात का? म्हणून ही उत्तरं एकत्र देतो.

प्रश्न : रोज नाचणीची आंबील प्यायली तर चालेल का? (ऐरोली)

खुशाल प्या, अन्न म्हणून.

प्रश्न : सोसायटीत स्टॉल लागला होता. बाटलीवर ‘आतड्याच्या सुजेवर संशोधनसिद्ध’ असं छापलंय. घ्यावी का? (घोडबंदर रोड)

संशोधन कोणावर झालं ते आधी विचारा. असे बरेच प्रयोग उंदरांवरचे असतात. पिण्याच्या पाण्यातून डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम हे रसायन देऊन त्यांचं आतडं सुजवतात आणि अर्काने सूज किती उतरली ते बघतात. आंबवताना जिवाणू वनस्पतीतली काही द्रव्यं फोडतात, ती शोषायला सोपी होतात, हे खरं. पण त्यावरून माणसाला गुण येतो असं ठरत नाही. आणि एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक हा अन्न विकायचा परवाना आहे, गुणाची हमी नव्हे. लेबल तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मिस्टरांना अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याची जुनाट सूज) आहे. अर्काने बरं वाटलं म्हणून मेसालामाईन हे सुजेवरचं औषध बंद केलं. आता शौचातून थोडं रक्त जातंय. सासूबाई म्हणतात उष्णता आहे. (वाशी)

ताई, ही उष्णता नाही आणि मूळव्याध आहे असंही घरबसल्या ठरवू नका. हा आजार मधूनमधून शांत होतो, तेव्हा चालू असलेल्या बाटलीला श्रेय मिळतं. वरून बरं वाटत असतानाही आतलं अस्तर सुजलेलं असू शकतं. शौचाच्या कॅलप्रोटेक्टिन तपासणीत ते कळतं. वर्षानुवर्षं सूज राहिली तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून गोळ्या बरं वाटत असतानाही घ्यायच्या असतात. ‘वनस्पतीचं आहे, अपाय नाही’ हे तर मला ऐकवत नाही. निळीच्या झाडांपासून केलेल्या ‘चिंग दाई’ या पारंपरिक चिनी औषधाने कोलायटिसची सूज खरोखर उतरते, तरीही फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढल्याचे रुग्ण आढळले आणि 2016 मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाला इशारा द्यावा लागला. उद्याच त्यांच्या डॉक्टरांना भेटा. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि जोडीला ताप किंवा धडधड असेल, तर थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : कुटजारिष्ट आणि मेट्रोनिडाझोल एकत्र? (कळवा)

नको. अरिष्ट म्हणजे आंबवलेलं आयुर्वेदिक औषध; त्यात आंबण्यातून तयार झालेला मद्यार्क असतो आणि मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक गोळीबरोबर मद्यार्क घ्यायचा नसतो. वैद्य आणि डॉक्टर, दोघांनाही सगळी औषधं सांगा.

प्रश्न : पोट दुखतं, वजन घटलंय. तीन महिने अर्क घेऊन बघू? (डोंबिवली)

अजिबात नाही. आपल्याकडे आतड्याचा क्षय आणि क्रोन्स (आतड्याच्या जुनाट सुजेचा दुसरा आजार) सारखेच दिसतात, उपचार मात्र पूर्ण वेगळे. याच आठवड्यात पोटविकारतज्ज्ञांकडे जा.