सुटं १६०० इंजिन कमी खर्चात बांधताना: सोलापूरच्या उन्हाचा हिशेब धरून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरची १९६८ची फोक्सवॅगन बीटल १३०० चालती आहे आणि एका भंगारात निघालेल्या गाडीचं १६०० ट्विन पोर्ट (प्रत्येक हेडला हवा आत घेणारी दोन तोंडं असलेलं) इंजिन हाती लागलंय. ते बांधून गाडीत चढवायचं, ताकद वाढवायची, पण खर्च आटोक्यात ठेवायचा. सल्ले दोन मिळाले आहेत, ८८ मिमीचं पिस्टन-बॅरल किट घाला आणि डबल कार्बोरेटर लावा.

माझं म्हणणं, सध्या दोन्ही नको. कारखान्यातून बाहेर पडलं तेव्हा १३००चं इंजिन ४० पीएसचं (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवर) होतं आणि १६०० ट्विन पोर्ट ५०चं. म्हणजे तुमचं सुटं इंजिन नुसतं कारखान्याच्या मापात आणलं तरी पाव हिस्सा ताकद वाढली. अडचण एवढीच की चाळीस-पन्नास वर्षं फिरलेलं, चार हातांनी उघडलेलं इंजिन त्या मापात कधीच नसतं. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) कुठेतरी हरवलेलं असतं, व्हॉल्व्ह बसत नसतात, हवा वळवणारे पत्रे गायब असतात. तुमचे पैसे आधी हे हरवलेलं परत मिळवायला लावा.

८८च्या किटचा हिशेब बघा. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ६९ मिमीच राहतो, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८५.५चा ८८ होतो, म्हणजे १५८४ सीसीचे १६७९. जेमतेम सहा टक्के. बदल्यात बॅरलची भिंत पातळ होते, कारण क्रँककेसचं (क्रँक ज्यात फिरतो त्या खालच्या पेटीचं) भोक तेवढंच राहतं. पातळ भिंत तापली की गोलाई सोडते आणि रिंगांना धरायला जागा उरत नाही. थंड देशात लोक ही बॅरल वापरतात, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ला जातो. ९०.५ किंवा ९२ची बॅरल जाड भिंतीची असतात, पण त्यांना क्रँककेस आणि हेड दोन्ही बोअर करावी लागतात. ते काम वाईट नाही, तुमच्या बजेटमध्ये बसत नाही इतकंच.

इंजिन खोलण्याआधी मागची पुली दोन्ही हातांनी धरा आणि आत-बाहेर ढकला. डायल गेज लावता आला तर उत्तम. क्रँकचा एंड प्ले, म्हणजे ही आत-बाहेरची हालचाल, ०.०७ ते ०.१३ मिमी हवी, ०.१५ ही शेवटची मर्यादा. हाताला खडखड स्पष्ट लागत असेल तर थ्रस्ट बेअरिंगची जागा खाल्लेली आहे, आणि क्रँककेसचं मशीन काम अटळ आहे. इंजिन अजून विकत घ्यायचं बाकी असेल तर भाव याच ठिकाणी पाडा.

क्रँककेस मॅग्नेशियम मिश्रधातूची आहे, हे मशीन शॉपमध्ये पहिल्या वाक्यात सांगा. आपल्याकडचे टर्नर रोज ॲल्युमिनियम आणि बिडावर हात चालवतात, दिसायला ही केस त्यांना ॲल्युमिनियमचीच वाटते. तिचा बारीक कीस पेट घेतो, आणि पेटला तर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू टाकायची. शेजारी वाळूची बादली ठेवल्याशिवाय ड्रिल चालू करू देऊ नका. धुण्याचंही तसंच. मॅग्नेशियमला ॲसिड चालत नाही आणि ॲल्युमिनियमच्या हेडना कॉस्टिक. दोन्ही एकाच टाकीत टाकणाऱ्याकडे माल देऊ नका. रॉकेल, ब्रश आणि धीर, एवढ्यावर भागतं.

केस धुतली की तीन नंबर सिलिंडरच्या मागे, फ्लायव्हीलच्या बाजूला, तडा शोधा. तडा तिथेच जातो. हेड स्टडचे आटे ओढले गेलेत का बघा. गेले असतील किंवा शंका असेल तर सोळाही ठिकाणी स्टीलचे इन्सर्ट घालून घ्या. हा खर्च टाळायचा नाही. बेअरिंगची रेषा टर्नरकडून मोजून घ्या. मधल्या मेन बेअरिंगची जागा ठोकली गेली असेल तर लाइन बोअर (सगळ्या बेअरिंगच्या जागा एका रेषेत पुन्हा कापणं) करून ओव्हरसाइझ बेअरिंग. क्रँकचे पहिले तीन मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) ५५ मिमीचे, चौथा ४०चा, रॉडचे ५५चे. मायक्रोमीटरने गोलाई बघा, ०.२५ने ग्राइंड करायला घाबरू नका. माझ्या मते तुमच्या एकूण पैशांतले निम्मे तरी या खालच्या भागावर जावेत. बाहेर चमकणारं काही मिळत नाही म्हणून लोक इथे हात आखडतात आणि वर्षभरात पुन्हा इंजिन उतरवतात.

सोलापूरचा एक मोठा फायदा तुमच्या बाजूने आहे. यंत्रमाग, पंप, फाउंड्री यांच्यावर वाढलेलं शहर हे, मापात काम करणारे हात इथे मिळतात. क्रँक, फ्लायव्हील आणि क्लच प्रेशर प्लेट एकत्र बॅलन्स करून घ्या. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडचं वजन तुम्ही स्वतः जुळवू शकता: ओळखीच्या सराफाच्या काट्यावर चारही पिस्टन ठेवा, सगळ्यांत हलका धरून बाकीच्यांचं आतल्या बाजूने थोडं थोडं घासा, एका ग्रॅमच्या आत आणा. रॉडचं मोठं टोक आणि छोटं टोक वेगवेगळं तोला. खर्च जवळजवळ शून्य, आणि तीन-चार हजार आरपीएमवर इंजिन जे गुळगुळीत फिरतं त्याने बेअरिंगचं आयुष्य वाढतं.

आता कॉम्प्रेशन, कारण खरी फुकट ताकद इथे आहे. एका सिलिंडरचं घनफळ ३९६ सीसी. समजा हेडचा चेंबर ५० सीसी निघाला. पिस्टन सगळ्यांत वर असताना बॅरलच्या कडेपासून तो किती खाली राहतो, ते अंतर म्हणजे डेक. डेक १.५ मिमी असेल तर तिथे ८.६ सीसी जातात आणि कॉम्प्रेशन ७.८ येतं. डेक १.२ केला तर ८च्या किंचित खाली. आणि आधीच्या मिस्त्रीने बॅरलखाली जाड शिम (पातळ धातूची चकती) घालून डेक २.२ केला असेल तर तेच इंजिन ७.३वर येतं. म्हणजे नुसत्या शिमच्या जाडीवर अर्ध्याहून जास्त पॉइंट इकडचा तिकडे. त्यामुळे हेडचा चेंबर स्वतः मोजा. हेड उलटं ठेवा, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवा, भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवा, मेडिकलमधल्या सिरिंजने रंगीत रॉकेल सोडा. चारही चेंबर सारखे येईपर्यंत कमी भरतील ते थोडे घासा. आपल्या हवेसाठी ८ला थांबा. डेक १ मिमीच्या खाली नेऊ नका आणि १.५च्या वर ठेवू नका. पिस्टन आणि हेडमधली ती अरुंद फट मिश्रण ढवळते, नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून होणारी ठकठक) लांबवते. नुसतं डेक वाढवून कॉम्प्रेशन कमी केलं की इंजिन थंड राहील, असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

हेडवर बाकी काम: प्लगच्या भोकापासून व्हॉल्व्ह सीटपर्यंत तडा आहे का बघणं, गाइड बदलणं, सीटला तीन कोनांत कटिंग. एक्झॉस्टचे चारही व्हॉल्व्ह नवेच घाला, जुने कितीही चांगले दिसले तरी. या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं तुटलं की पिस्टन आणि हेड दोन्ही जातात, आणि बहुतेक वेळा तो तीन नंबरचाच असतो. पोर्ट मोठे करायच्या फंदात पडू नका. सीटच्या मागची ओतकामाची खरखर काढा, मॅनिफोल्डची कडा पोर्टशी जुळवा, बस. मात्र हेडच्या फिन्समध्ये ओतकामाचा जो पापुद्रा राहिलेला असतो तो कानशीने आणि लांब ड्रिलने मोकळा करा. काही हेडमध्ये व्हॉल्व्हच्या आसपासच्या अर्ध्या फटी बंद असतात, तिथून वारा जातच नाही. हे काम एका संध्याकाळचं आहे आणि विकत घेतलेल्या कुठल्याही पार्टपेक्षा जास्त उपयोगाचं.

कॅमशाफ्टबद्दल. आपल्या शहरात प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारखा कारखाना आहे, जगभरच्या गाड्यांचे कॅम इथून जातात, त्यामुळे कॅम किती नाजूक मापाची चीज आहे हे सांगणारी माणसं तुम्हाला चहाच्या टपरीवरही भेटतील. मूळ कॅमचे लोब (व्हॉल्व्ह उचलणारे उंचवटे) गुळगुळीत असतील तर तोच ठेवा. पैसे उरले तर एखादा सौम्य कॅम घालता येईल, पण खालच्या आरपीएमची ओढ घालवणारा नको, आपल्याला नवी पेठेच्या गर्दीतूनही गाडी काढायची असते. कॅम नवा असेल तर टॅपेटही (लोबवर टेकून चालणारे तुकडे) नवेच. या इंजिनात टॅपेट केस उघडल्याशिवाय निघत नाहीत, म्हणून निर्णय आत्ताच घ्या.

एक्झॉस्टवर थोडा खर्च करा. फोर-इन-वन हेडर चांगल्या सायलेन्सरवाल्याकडून, चारही पाइप शक्य तितक्या सारख्या लांबीचे, बनवून घेता येतो. हीटर बॉक्सची आपल्याला गरज नाही, साध्या वाकड्या पाइपांवर काम चालतं. पण हीटर काढलात तर पंख्याच्या शीटमधून हीटरकडे जाणारी दोन्ही तोंडं बंद करा. ती उघडी राहिली तर सिलिंडरला हवी असलेली हवा तिथून वाया जाते.

कार्बोरेटर एकच, या इंजिनाचा मूळचा ३४ पिक्ट-३, नीट धुऊन, थ्रॉटल शाफ्टला बुश घालून. डबल कार्बोरेटरने ताकद वाढते हे खरं आहे. पण त्यांना जोडणारा दांडा, सिंक्रोनायझेशन (दोन्ही एकसारखे उघडणं) आणि जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) यांत जो पैसा आणि वेळ जातो तो दुसऱ्या टप्प्यासाठी राखा. मॅनिफोल्डखालची, एक्झॉस्टचा गरम वायू नेणारी बारीक नळी कार्बनने तुंबलेली असते, ती जाळून किंवा ड्रिल करून मोकळी करा. सोलापुरात कशाला हवी असं वाटेल, पण आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल बाष्प होताना मॅनिफोल्डमधली उष्णता जास्त ओढतं. आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखाने हे इथेनॉल गाळतात, त्याच्याशी जमवून घेणं भाग आहे. ई-२०ला त्याच हवेत सुमारे सात टक्के जास्त इंधन लागतं, म्हणून मेन जेट १२७.५ असेल तर १३० आणि मग १३२.५ लावून प्लगचा रंग बघा. प्लग पांढरे पडत असतील तर गाडी पळवू नका. इंधनाचे जुने कापडी पाइप सगळे फेकून इथेनॉलला टिकणारे घाला, आणि कार्बोरेटरच्या तोंडातली दाबून बसवलेली पितळी नळी हाताने हलते का पाहा. ती निसटून बीटल जळाल्या आहेत.

डिस्ट्रिब्युटर (ठिणगी वाटणारा) व्हॅक्यूमवाला, म्हणजे इंजिनाच्या ओढीप्रमाणे ठिणगीची वेळ बदलणारा, ठेवा. नुसता सेंट्रिफ्यूगल, म्हणजे फक्त वेगावर चालणारा, ००९ स्वस्त मिळतो, पण एकेरी कार्बोरेटरबरोबर पाय दाबताच गाडी क्षणभर अडखळते.

आता थंडावा. तुमचं इंजिन हवेवर जगतं, आणि ४३ अंशांच्या हवेत २० अंशांच्या मानाने सुमारे सात टक्के हवा कमी असते. म्हणजे सिलिंडरमध्ये जाळायलाही कमी आणि अंगावरून फिरायलाही कमी. जुन्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या शीटच्या आत, तीन नंबरच्या वाटेत उभा असायचा, म्हणून तो सिलिंडर आधी मरतो. १९७१च्या मॉडेलपासून कूलर शीटबाहेरच्या वेगळ्या खोक्यात सरकवला, पंखाही रुंद केला. हे डॉगहाउस शीट कुठूनही मिळवा, डबल कार्बोरेटरऐवजी इथे पैसे घाला. बॅरलखालचे पत्रे, हेडभोवतीचे पत्रे, इंजिन बेच्या कडेचं रबर, सगळं जागेवर हवं. ते रबर नसेल तर खालची तापलेली हवा वर येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो. थर्मोस्टॅट नसेल तर फ्लॅप पूर्ण उघडे अडकवून ठेवा. तुम्ही यंत्रमागांच्या भागात राहत असाल तर दर महिन्याला कूलरमध्ये डोकवा, सुताचा कीस आणि काळ्या मातीची धूळ मिळून त्यावर नमदा बसतो.

तेल २.५ लिटर, २०डब्ल्यू-५०, आणि फक्त जाळी आहे, कागदी फिल्टर नाही. केस उघडीच आहे तर फुल फ्लो फिल्टरसाठी (सगळं तेल गाळून नेणाऱ्या) आटे पाडून घ्या. मोठा पंप नको. तेलाच्या तापमानाचा मीटर मात्र हवाच. ११० अंशांपर्यंत चिंता नाही, १२० दिसलं की पाय काढा.

जोडताना: हेडचे नट ८ मिमी स्टडना २५ न्यूटन मीटर, १० मिमीना ३२, दोन-तीन फेऱ्यांत. रॉडचे नट ३३. व्हॉल्व्ह क्लिअरन्स थंड इंजिनवर ०.१५ मिमी. फ्लायव्हीलचा ३६चा नट ३४३ न्यूटन मीटर, तेवढा टॉर्क रेंच ट्रकच्या गॅरेजात मिळेल. नाही मिळाला तर मीटरभर पाइपच्या टोकावर ३५ किलोचं वजन. आणि फ्लायव्हीलचे दात मोजा: सहा व्होल्टचं १०९, बारा व्होल्टचं १३०, गाडीच्या स्टार्टरशी जुळायला हवं.

नवा कॅम असेल तर पहिली वीस मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास ठेवा, आयडलवर सोडू नका. मग तेल बदला. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा तेल आणि व्हॉल्व्ह. तोवर हळूहळू भार द्या. त्यानंतर एखाद्या सकाळी तुळजापूरला जा, घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढा आणि वर पोहोचताच तेलाचं तापमान लिहून ठेवा. तोच घाट मेमध्ये दुपारी चढून आकडा पुन्हा बघा. दोन्ही वेळा ११०च्या आत राहिलात तर डबल कार्बोरेटरचा विचार करायला हरकत नाही.

एक कागदाची गोष्ट. आरसीवर जुन्या इंजिनाचा नंबर आहे. इंजिन बदलणं मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ खाली येतं, म्हणून चढवण्याआधी आरटीओत विचारून नोंद करून घ्या. सुट्या इंजिनाची खरेदीची पावती नसेल तर ज्याच्याकडून घेतलंत त्याच्याकडून आत्ताच लिहून घ्या. नंबर डायनामोच्या बैठकीखाली केसवर कोरलेला असतो, घासताना तो पुसू नका. १३००चं मूळ इंजिन विकू नका, प्लगच्या भोकांतून थोडं तेल सोडून झाकून ठेवा.

एंड प्लेचा आकडा, चारही चेंबरचे सीसी आणि सध्याचा डेक मोजून कळवा. शिम किती जाडीचे घ्यायचे ते त्यावरून सांगतो.