वाचकांचे प्रश्न : काळ्या आईबापांची पिवळी पिल्ले

प्रश्न : आमच्या काळ्या लॅब्राडॉर कुत्रीला काळ्याच नरापासून आठ पिल्ले झाली, त्यांतील पाच काळी आणि तीन पिवळी आहेत. दोघांच्याही केनेल क्लबच्या प्रमाणपत्रांत आईवडील आणि आजी-आजोबा काळेच नोंदलेले आहेत. फक्त आमच्या कुत्रीच्या एका पणजीपुढे पिवळा रंग लिहिलेला आहे. नराचे मालक म्हणतात की, ही पिल्ले त्यांच्या कुत्र्याची नाहीत. काय समजावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : निव्वळ पिवळ्या रंगाच्या आधारावर त्यांना असे म्हणता येणार नाही. लॅब्राडॉरचे काळा, पिवळा आणि चॉकलेटी हे तीन मान्य रंग मुख्यतः दोन जनुकांवर ठरतात. त्यांपैकी 'ई' या जनुकाची एक जरी कार्यक्षम प्रत असली, तरी केसांत गडद रंगद्रव्य तयार होते; आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती निकामी असतील, तरच केस पिवळे होतात. एकच प्रत निकामी असलेला कुत्रा दिसायला पूर्ण काळा असतो, पण ती प्रत पुढच्या पिढीला देऊ शकतो. अशा कुत्र्याला वाहक म्हणतात. प्रमाणपत्रावर दिसलेला रंग लिहिलेला असतो, वाहकपण नाही. सगळा घोळ इथेच होतो.

आता आपल्या कुत्रीची वंशावळ त्या पणजीपासून खाली वाचा. पिवळ्या पणजीकडे द्यायला निकामी प्रतच होती, म्हणून तिचे काळे अपत्य, म्हणजे आपल्या कुत्रीची आजी किंवा आजोबा, वाहक होते हे निश्चित. पुढे दर पिढीला ही शक्यता निम्मी होत जाते, त्यामुळे केवळ कागदावरून पाहिले तर आपली कुत्री वाहक असण्याची शक्यता चारात एक एवढीच होती. पिवळे पिल्लू जन्मले आणि अंदाजाचा प्रश्न संपला : कुत्री वाहक आहे, आणि पिल्लांचा बाप, तो कोणीही असो, एक तर वाहक आहे किंवा स्वतः पिवळा आहे. दोन वाहकांच्या संबंधातून सरासरी चारांत एक पिल्लू पिवळे निघते. आठांत दोनऐवजी तीन निघणे अजिबात वावगे नाही.

नराच्या वंशावळीत पिवळा रंग नाही, हा मुद्दा लंगडा आहे, कारण निकामी प्रत काळ्या कुत्र्यांमधून कितीही पिढ्या न दिसता उतरू शकते. त्याच्या आधीच्या वीणींत सगळी पिल्ले काळी होती, असेही कदाचित सांगितले जाईल. माद्या वाहक नसतील, तर त्यांच्यापासून पिवळे पिल्लू होणारच नव्हते. आणि मादी वाहक असली, तरी आठच्या आठ पिल्ले काळी निघण्याची शक्यता सुमारे दहा टक्के असते. पिवळ्या मादीपासून झालेली सातही पिल्ले काळी असतील, तर मात्र त्या पुराव्याला वजन आहे, कारण वाहक नराच्या बाबतीत तसे १२८ वेळांत एकदाच घडेल.

१८९९ मध्ये इंग्लंडमध्ये मेजर रॅडक्लिफ यांच्या केनेलमध्ये जन्मलेला 'बेन ऑफ हाइड' हा नोंद झालेला पहिला पिवळा लॅब्राडॉर मानला जातो, आणि त्याचेही आईवडील काळेच होते.

तरीही रंग जसा त्या नराच्या विरुद्ध पुरावा नाही, तसा तो आपल्या बाजूचाही नाही. माजावर आलेल्या कुत्रीचा दोन नरांशी संबंध आला, तर एकाच वीणीतल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. वाद मिटत नसेल, तर आई, नर आणि पिल्ले यांच्या गालाच्या आतले नमुने देऊन पालकत्वाची डीएनए चाचणी करून घ्यावी.

प्रश्न : नर काळा, मादी फॉन, आणि तीन पिढ्यांत एकही चॉकलेटी नाही. तरीही दोन पिल्ले चॉकलेटी झाली. हे कसे? – एक वाचिका, ठाणे

उत्तर : आपल्याकडे बाजारात 'फॉन' म्हणतात, त्याच रंगाची अधिकृत नोंद 'पिवळा' अशी होते. चॉकलेटी रंग 'बी' या दुसऱ्या जनुकाचा : त्याच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतील, तर काळ्याऐवजी तपकिरी रंगद्रव्य बनते. पिवळ्या कुत्र्याच्या केसांत गडद रंगद्रव्य नसतेच, त्यामुळे या जनुकाचा परिणाम तिथे दिसत नाही. तो दिसतो नाकावर, ओठांवर आणि पापण्यांच्या कडांवर. मादीच्या या कडा काळ्या असतील, तर ती चॉकलेटी रंगाची वाहक आहे. तपकिरी असतील, तर तिच्या दोन्ही प्रती बदललेल्या आहेत. नर दोन्ही परिस्थितींत वाहकच ठरतो. फक्त नाकावर विसंबू नका, कारण अनेक पिवळ्या लॅब्राडॉरांचे काळे नाक थंडीत फिकट पडते. पापण्यांची कड जास्त भरवशाची. प्रमाणपत्रात नाकाचा रंग लिहीत नाहीत, हे माझ्या मते वंशावळ वाचणाऱ्याचे मोठेच नुकसान आहे.

प्रश्न : विक्रेता दाखवत असलेले काळे पिल्लू दोन फॉन लॅब्राडॉरांचे आहे, असे कागद सांगतात. घ्यावे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : या कागदांच्या भरवशावर घेऊ नये. दोन पिवळ्या लॅब्राडॉरांना पिवळीच पिल्ले होतात. काळे किंवा चॉकलेटी पिल्लू दिसले, की बाप दुसरा आहे किंवा नोंद चुकीची आहे असे धरावे. पालकत्वाच्या चाचणीचा अहवाल मागावा, आणि तो मिळेपर्यंत इसार देऊ नये.