सहा लाख किलोमीटर झालेल्या ट्रकच्या इंजिनात गाळ साचलाय, डिझेल घालून धुवू का?

नका धुवू.

खरं तर उत्तर एवढंच आहे, पण तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना. २०१२ चं मॉडेल, गाडी ताब्यात येऊन महिना, ऑइलचं झाकण काढलं तर आत बोटभर काळा लगदा. आणि गॅरेजवाला म्हणतोय, दोन-तीन लिटर डिझेल घालू, दहा मिनिटं आयडलला ठेवू, सगळी घाण बाहेर. मी २०१६ च्या ऑक्टोबरात अगदी हेच ऐकलं होतं. फक्त सांगणारा गॅरेजवाला नव्हता, आमचे दाजी होते.

मी कराडच्या बाजूचा. उसाची वाहतूक करतो. त्या वर्षी पहिल्यांदा स्वतःची गाडी घेतली, टाटा १६१३, २००७ ची. सहा सिलिंडर, ९७ मिमी बोअर, म्हणून ६९७ म्हणतात ते इंजिन. मीटरवर तीन लाख चाळीस हजार. मीटरची केबल तुटलेली होती हे घरी आल्यावर कळलं. ब्रेकच्या पॅडलचं रबर झिजून लोखंड चकाकत होतं, तेव्हाच ओळखायला हवं होतं. माझा अंदाज, आठ लाखांच्या पुढं गेलेली गाडी.

टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, खोललं तर आत मळी. कारखान्यात टाकीच्या तळाला बसते ना, तशीच. व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या मधल्या जागा भरून गेलेल्या.

उसाच्या गाडीत असं का होतं, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही, तरी सांगतो, कारण तुमची गाडी आधी कशावर चालत होती ते तुम्ही लिहिलेलं नाही. शेतापासून कारखाना पंचवीस-तीस किलोमीटर. तिथं गेल्यावर नंबर. थंडीची रात्र, पुढची गाडी दहा फूट सरकली की आपण दहा फूट सरकायचं, म्हणून इंजिन चालूच. अशा चालण्यानं इंजिन नीट तापत नाही, आत पाण्याचा दव धरतो, अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइलमध्ये ही काजळी सुटी-सुटी तरंगत ठेवणारं रसायन असतं. ते संपलं की काजळी एकमेकीला चिकटते आणि जिथं ऑइलचा वेग कमी तिथं बसते. त्यात तेव्हाच्या डिझेलमध्ये गंधक होतं. प्रदूषणाच्या नियमांत बीएस-टू च्या काळात ५०० पीपीएम (दहा लाखांत ५०० भाग), बीएस-थ्री ला ३५०, २०१७ नंतर देशभर ५०, आणि एप्रिल २०२० पासून १०. गंधकाचं आम्ल होतं आणि ते ऑइल मारतं. म्हणजे तुमच्या २०१२ च्या गाडीनंही पहिली काही वर्षं ते डिझेल प्यायलंय.

आणि सगळ्यात मोठी चूक, जी आमच्याकडं दहातले आठ मालक करतात. सीझन संपला की गाडी पत्र्याखाली लावून मोकळे. ऑइल बदलायचं कधी, तर दसऱ्याला. हार, नारळ, लिंबू, नवं ऑइल. म्हणजे काळं, आंबट झालेलं ऑइल अख्खा पावसाळा चेंबरमध्ये, इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, बसून बेअरिंग खात राहतं. ऑइल एप्रिलमध्ये बदला, गाडी उभी करायच्या आदल्या दिवशी. दसऱ्याला नुसता नारळ फोडा.

तर दाजी. दाजींची स्वतःची गाडी होती तेव्हा, बारा वर्षं चालवलेली. दर वर्षी ते डिझेल घालून इंजिन धुवायचे आणि कधी काही झालं नाही. मी मिस्त्रींना विचारलं होतं, ते म्हणाले चेंबर उतरवू, ऑइल पंपाच्या तोंडाची जाळी काढू, दोन दिवस द्या. मजुरी, गॅस्केट धरून साडेपाच हजार सांगितले. दाजी तिथंच खाटेवर बसलेले. म्हणाले, "पावणं, साडेपाच हजार कशाला घालवताय? तीन लिटर डिझेल, धा मिन्टं. मी बारा वर्सं करतोय."

बहिणीचा नवरा. वयानं मोठे, धंद्यात मोठे, आणि गाडीच्या डाउन पेमेंटमधले ऐंशी हजार त्यांचे. मी काय बोलणार?

केलं. चेंबरच्या तळाचा ऑइल सोडायचा प्लग खोलल्यावर असलं काळं पाणी बाहेर आलं की बघणारे खूश. दाजी म्हणाले, "बघा, निघाली का न्हाई घाण?" नवा फिल्टर, नवं ऑइल. इंजिनाचा आवाजसुद्धा मऊ झाल्यासारखा वाटला. वाटतोच.

सीझन सुरू व्हायला वेळ होता म्हणून कोकणातल्या लोट्याच्या एमआयडीसीचं भाडं धरलं. दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीला तिकडून माल भरून गाडी परत येत होती. पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागली आणि रात्री पावणेअकराला ड्रायव्हरचा फोन. आमचे तात्या, साठीचे, उगाच फोन करणारा माणूस नव्हे.

"मालक, ऑइलचा दिवा मिचमिच करतोय."

प्रेशरचा काटा त्या गाडीला आधीपासूनच मेलेला. दिवा तेवढा होता. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "वायरिंग असंल तात्या. वर हेळवाकपर्यंत या, सकाळी बघू."

दिवा लागतो तो प्रेशर जवळजवळ संपल्यावर. तो इशारा नसतो, निकाल असतो. हे मला आता माहीत आहे. तात्यांना तेव्हाही माहीत होतं, पण मालक म्हणाला म्हणून ते पुढं गेले. हेळवाक काही आलं नाही. दोन वळणांनंतर खालून ठोका सुरू झाला आणि तिसऱ्यावर इंजिन धरलं. भरलेली गाडी, घाटात, रात्री. दगड लावून, मागं फांद्या टाकून तात्या आणि क्लिनर पोरगा सकाळपर्यंत बसून राहिले.

चेंबर उतरवल्यावर मिस्त्रींनी ऑइल पंपाची जाळी माझ्या हातात दिली. शिळ्या पिठल्यावर साय धरते तसा थर, एका बाजूला बोट जाईल एवढीच जागा उघडी. डिझेलनं गाळ विरघळला नव्हता. नुसता भिजून सुटा झाला होता. प्लगमधून आलं ते काळं पाणी म्हणजे वरचंवरचं. खरे लपके टायमिंग केसमध्ये, रॉकरखाली, चेंबरच्या कोपऱ्यांत होते, ते नंतर गरम ऑइलनं एकेक करून सोडवले आणि पंपानं जाळीवर ओढून घेतले. फिल्टरही तुंबलेला. फिल्टर तुंबला की त्यातला बायपास उघडतो, कारण गाळलेलं नाही तर निदान घाण ऑइल तरी मिळावं अशी रचना असते. मग ती घाण सरळ बेअरिंगला. शिवाय प्लग खोलून सगळं डिझेल निघत नाही, गॅलरीत (ऑइलच्या आतल्या वाटांत), कूलरमध्ये थोडं राहतंच, आणि तेवढं नवं ऑइल पातळ होतं.

चार नंबरचं बिगएंड बेअरिंग, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं, जागेवरून फिरलेलं. क्रँक कोल्हापूरला, शिवाजी उद्यमनगरात ग्राइंडिंगला. अंडरसाइज बेअरिंग, रिंगा, लायनर, हेडचं काम, सगळं मिळून एक लाख अठरा हजार. घाटातून ओढून आणायचे वेगळे. आणि खरा मार तो नाहीच. मी ऊसतोडीच्या टोळीला उचल देऊन बसलो होतो. बीडकडची माणसं, बायका-पोरांसकट दिवाळी करून आली, कोप्या घातल्या, आणि माझी गाडी ठोकळ्यांवर. अठरा दिवस दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्यानं लावून ऊस ओढला. त्या वर्षी काय उरलं ते विचारू नका.

दाजींचं म्हणणं आजही असं की इंजिन आधीच गेलेलं होतं. डिझेल निमित्त. गेल्या वर्षी भाचीच्या साखरपुड्यात, पंगतीत, पुन्हा हाच विषय. "मी बारा वर्सं केलंय" हे ते ताटावर सांगत होते आणि मी वाढत होतो.

तेव्हा वाढपी होतो म्हणून बोललो नाही, इथं बोलतो. दाजी, तुमची गाडी तुम्ही नवी घेतलेली, दर दहा हजारांना ऑइल बदललेलं. तिच्यात गाळ नव्हताच. ज्या इंजिनाला डिझेलचं धुणं सोसतं, त्याला त्याची गरज नसते. तुम्ही बारा वर्षं स्वच्छ भांडं घासलंत आणि वर सांगता की घासणी चांगली आहे.

बरं, तुमचं. आधी गाळ कसला आहे ते बघा, कारण दुधाळ कॉफीसारखा असेल तर तो गाळ नव्हे, पाणी आहे. तापल्या तव्यावर ऑइलचा थेंब टाका, तडतडला की पाणी. मग रेडिएटरची पातळी, ऑइल कूलर, हेड गॅस्केट बघा, बाकी सगळं नंतर. गेजपट्टीवर पातळी आपोआप वाढत असेल तर डिझेल खाली उतरतंय, तेही आधी शोधा. काळंच असेल तर साध्या टिपकागदावर थेंब टाकून रात्रभर ठेवा. मधे घट्ट काळा ठिपका आणि कडेला काहीच पसरलं नाही, म्हणजे ऑइल मेलेलं. चालू इंजिनाचा ब्रीदर (आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) बघा, भकाभका धूर फेकत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे जळालेला वायू रिंगांवरून खाली येतोय, आणि रिंगा केल्याशिवाय गाळ परत परत होणारच. धुऊन काय उपयोग?

मग चेंबर उतरवा. दुसरा रस्ता नाही. जाळी काढून रॉकेलमध्ये धुवा, बाहेर, इंजिनात नव्हे. टॅपेट कव्हरखालचा गाळ लाकडी पट्टीनं हातानं काढा आणि खाली पडू देऊ नका. कॉटन वेस्टनं पुसू नका, त्याचा धागा जाळीत जातो, जुनं धुतलेलं सुती धोतर बरं. चेंबर उघडाच आहे तर एक-दोन बेअरिंग कॅप खोलून बघा. पांढरा थर जाऊन तांबूस दिसत असेल तर बेअरिंग बदलायची वेळ आलीय आणि ते खालूनच, स्वस्तात होतं. क्रँक वाचतो.

नंतर साधं १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस ग्रेडचं ऑइल, नवा फिल्टर, आणि दीड-दोन हजार किलोमीटरवर दोन्ही परत बदला. असं तीनदा. चांगलं ऑइल हळूहळू स्वतःच धुतं, फक्त त्याला घाण घेऊन बाहेर पडू द्यायचं असतं. काढलेला फिल्टर पत्र्याच्या कात्रीनं उघडा, हॅक्सॉ नको, त्याचाच भुसा आत पडतो. घडीत चमचम दिसली तर लोहचुंबक लावा. चिकटलं तर लोखंड. नाही चिकटलं आणि पिवळसर-पांढरं आहे, तर बेअरिंग.

बाटलीतला तयार फ्लश? तोच न्याय. पातळ थर असेल, रिंगा थोड्या चिकटल्या असतील तर उपयोग होतो, वापरलेले लोक आहेत. पण तुम्ही लिहिलंय तसा बोटभर लगदा असेल तर नको.

आणि एक लिहायलाच हवं, नाहीतर दाजी हे वाचतील आणि म्हणतील अर्धंच सांगितलं. माझ्या इंजिनाची सहाच्या सहा बेअरिंगं तांब्यापर्यंत झिजलेली होती. पंधरा दिवसांत तेवढं झिजत नाही. म्हणजे ते इंजिन सीझनच्या मधे कुठंतरी काम काढणारच होतं, इथं दाजी चुकत नाहीत. पण चार नंबर फिरलं ते जाळीनं, आणि क्रँक गेला तो माझ्या "वर या"मुळं. दिवा लागला त्या वळणावर गाडी थांबली असती तर बेअरिंगच्या सेटवर भागलं असतं, असं मिस्त्री म्हणतात. तात्यांना मी हे कधी बोललो नाही. त्यांनीही विषय काढला नाही, फक्त दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी प्रेशरचा नवा काटा मागितला, पगाराचं नंतर बोलले.

म्हणून तुमच्या गाडीत काटा चालू आहे का ते चेंबर उतरवायच्याही आधी बघा. गरम इंजिन आयडलला असताना ऑइलचं प्रेशर काट्यावर एक किलोच्या खाली जात असेल तर भाडं घेऊ नका, डिझेलही घालू नका.

टर्बो असेल तर त्याचा ऑइल पाइप काढून आतून बघायला विसरू नका, त्यातही कोळसा धरतो. मी विसरलो होतो. ते आणखी चौदा हजार.