युरिक ॲसिडची गोळी सुरू केल्यावर दुखणं उलट वाढलं, तर ती बंद करावी का?

तुम्ही लिहिलंय की पायाच्या अंगठ्याचा गाऊटचा (युरिक ॲसिड साठून सांधा सुजण्याचा) झटका ओसरल्यावर डॉक्टरांनी युरिक ॲसिड उतरवणारी ॲलोप्युरिनॉल सुरू केली, आणि तीनच आठवड्यांत घोटा सुजला. आता ती सोडून दुखेल तेव्हा पेनकिलर घेतली तर चालेल का? नका सोडू. मी नेमकं हेच केलं होतं आणि त्यात माझी चार वर्षं गेली.

माझा पहिला झटका पहाटे आला. अंगठ्याचं मूळ लालभडक, कातडी ताणून चकचकीत, पांघरुणाचं टोक लागलं तरी जीव कळवळायचा. डायक्लोफिनॅक या पेनकिलरने चार दिवसांत पाय टेकवता आला आणि मी बरा झालो असं धरून चाललो. पुढे ॲलोप्युरिनॉल दिली, लगेच घोटा धरला, आणि गोळीनंच दुखणं आणलं म्हणून मी ती टाकून दिली. मग वर्षाला तीन-चार झटके, दरवेळी पेनकिलर.

शेवटी गुडघ्यात पाणी झालं तेव्हा डॉक्टरांनी ते सुईने काढलं आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघायला सांगितलं. बारीक टोकदार सुया पसरल्या होत्या, काही पिवळ्या, काही निळ्या. हे युरेटचे स्फटिक. रक्तात युरिक ॲसिड साधारण 6.8 मिलिग्रॅमच्या (प्रति डेसिलिटर) वर राहिलं की ते पुरतं विरघळत नाही आणि सांध्यांत वर्षानुवर्षं साठत जातं. पांढऱ्या पेशी या सुयांवर तुटून पडतात, तोच झटका. पेनकिलरने ती धुमश्चक्री थांबते, पण सुया असतात तिथेच राहतात.

ॲलोप्युरिनॉल दुखणं थांबवतच नाही. युरिक ॲसिड तयार करणारं एन्झाइम ती अडवते. रक्तातली पातळी उतरली की जुना साठा विरघळू लागतो, त्यातले कण सुटतात आणि पेशी पुन्हा खवळतात. म्हणून सुरुवातीच्या काही महिन्यांत झटके येऊ शकतात. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी गोळी सोडली नसती.

माझी सुरुवातही चुकीची झाली होती. एकदम 300 मिलिग्रॅम, आणि सोबत काहीच नाही. दुसऱ्यांदा 100 पासून सुरू केलं (किडनी कमजोर असेल तर त्याहूनही कमी), काही आठवड्यांनी तपासणी, मग थोडा डोस वाढवायचा, असं पातळी 6 च्या खाली येईपर्यंत. जोडीला पहिले सहा महिने झटके रोखायला रोज थोडं कोल्चिसिन. तुम्हाला ते दिलंय का, हे आधी विचारा. चालू झटक्यावर वेगळं औषध घ्यायचं, पण ॲलोप्युरिनॉल चालूच ठेवायची.

कोल्चिसिन पूर्वी जुलाब लागेपर्यंत तासातासाला देत. आता झटका सुरू होताच 1.2 मिलिग्रॅम आणि तासाभराने 0.6 एवढ्यावर भागतं. मात्र क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकबरोबर ते विषासारखं चढू शकतं, किडनीच्या रुग्णांत तर फारच. पेनकिलरही निरुपद्रवी नाहीत. जठरात व्रण, किडनीवर ताण, रक्तदाबात वाढ हे सगळं होतं, आणि गाऊटवाल्यांना रक्तदाब नि किडनीचा त्रास बरेचदा आधीच असतो. अशांना डॉक्टर थोडे दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात.

गोळी तत्काळ थांबवायची वेळ एकच: अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड किंवा डोळे लाल होणं. मग दुसऱ्या दिवसाचीही वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा. आणि अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर ते आजच डॉक्टरांच्या कानावर घाला. ही दोन्ही एकत्र आली की रक्तपेशी धोकादायक रीतीने घटतात.

रक्तदाबाच्या गोळ्याही सोबत न्या. हायड्रोक्लोरोथायाझाइडने युरिक ॲसिड वाढतं, लोसार्टानने थोडं उतरतं. माझी गोळी बदलल्यावर पातळी जरा खाली आली. आणि ऐन झटक्यात काढलेल्या रिपोर्टवर जाऊ नका, तेव्हा आकडा नॉर्मलही दिसू शकतो. दुखणं थांबल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा. मी सध्या 400 मिलिग्रॅमवर आहे, पातळी 5.2. दीड वर्षात अंगठा एकदाही दुखलेला नाही.