शिष्यवृत्तीचा आठवडा आणि घरातली धांदल

प्रश्न : मुलगी पाचवीत आहे. येत्या रविवारी शिष्यवृत्तीची परीक्षा. सासरे म्हणतात, रोज दोन सराव पेपर सोडवून घ्या. तिला तर पेपर समोर आला की रडूच येतं. त्यात शनिवारी संध्याकाळी इचलकरंजीला चुलत दिरांचा साखरपुडा आहे. काय करावं?
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : रोज दोन पेपर अजिबात नकोत. आता नवीन काही शिकवायचं नाही, येतंय त्यातले गुण गळू द्यायचे नाहीत, एवढंच काम उरलंय. प्रत्येक पेपरला ७५ प्रश्न, १५० गुण आणि ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद, उत्तरपत्रिकेत उत्तराचा गोल रंगवणंही त्यातच. पहिल्या पेपरात भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न असतात. मुलं उताऱ्यातच रेंगाळतात आणि शेवटची दहा-बारा गणितं वाचायचीही राहतात. भाषेला २० मिनिटं, गणिताला ६० आणि सोडून दिलेल्या प्रश्नांना १०, असा हिशेब तिच्या अंगवळणी पाडा. दुसऱ्या पेपरात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. तिथंही हीच वाटणी चालते.

सोमवारी एक पेपर, बुधवारी एक. घड्याळ लावून, उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्सवर. सुरुवातीला रडू आलं तर ‘या पानावरचे येणारे तीन प्रश्न दाखव’ एवढंच म्हणा. तीन सुटले की पुढचं पान ती स्वतःच उलटते. तपासायचं काम आजोबांकडे द्या, त्यांचंही समाधान होईल. पण नुसते गुण मोजू नका म्हणावं. चुका तीन प्रकारांत मांडायच्या : आलंच नाही, घाईत चुकलं, गोल भलतीकडे रंगवला. पहिल्या प्रकाराकडे आता काणाडोळा करा. तिसरा सगळ्यात वाईट. ३१वा प्रश्न सोडला आणि ३२व्याचं उत्तर ३१च्या ओळीत गेलं की पुढची अख्खी रांग घसरते. सगळे गोल शेवटी एकदम रंगवणाऱ्यांचं हे हमखास होतं. म्हणून एक पान सोडवलं की त्याच पानाचे गोल, आणि दर पाच प्रश्नांनी क्रमांक जुळवून बघायचा.

पेन साधं बॉलपेन, काळं किंवा निळं, दोन सोबत. जेल पेनची शाई पसरते. गोल खोडता येत नाही आणि पाचवीला एका प्रश्नाचे दोन गोल रंगवले तर गुण जातो. चुकीच्या उत्तराला मात्र गुण कापत नाहीत, त्यामुळं एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

साखरपुड्याला मुलीला नेऊ नका. कितीही लवकर निघू म्हटलं तरी घरी पोचायला अकरा वाजतात. घरातलं एक माणूस तिच्याजवळ थांबू दे. पाव्हणे रुसले तर रुसू देत.

प्रश्न : दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत काय खायला द्यावं? केंद्र जुन्या कोल्हापुरात आलंय.
– एक पालक, कळंबा

उत्तर : दोन पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, एक केळ. दहीभातच हवा असेल तर सकाळी भात दुधात कालवून वर फक्त चमचाभर दही घाला. नुसतं दही घातलं तर दुपारपर्यंत आंबट होतो. मिसळ, वडा त्या दिवशी नको. तिखटानं पाणी पाणी होतं, तेलकटानं झापड येते.

रविवारी सकाळी अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या गाड्यांनी बिंदू चौक, शिवाजी चौक भरून जातो. चारचाकी घरीच ठेवा, दुचाकीवरून जा आणि प्रवेशपत्रावरच्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. प्रवेशपत्र आजच काढून माध्यम बरोबर छापलंय का बघा. चूक असेल तर लगेच मुख्याध्यापकांना सांगा, रविवारी केंद्रावर वाद घालून उपयोग नसतो.

प्रश्न : परीक्षा झाली की संध्याकाळीच क्लासची उत्तरं मोबाइलवर येतात. मुलाला घेऊन तपासावीत का?
– एक वडील, उचगाव

उत्तर : नको. त्या घाईतल्या उत्तरांत चुका असतात. ही परीक्षा घेणारी राज्य परीक्षा परिषद आधी अंतरिम उत्तरसूची काढते, त्यावर आक्षेप मागवते, मग अंतिम. तोवर प्रश्नपत्रिका कपाटात ठेवा आणि पोराला खेळायला सोडा.