आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी पिल्लू आजारी, ब्रीडर हात वर करतोय

एका ताईंचा मेल आहे, थोडक्यात सांगते. ब्रीडरकडून कुत्र्याचं पिल्लू घेतलं, पैसे यूपीआयने, बिल नाही. शनिवारी संध्याकाळी पिल्लू घरी आलं, रविवारी रात्री उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले, सोमवारी टेस्ट केली तर पार्वो (पिल्लांचा जीवघेणा व्हायरल आजार) पॉझिटिव्ह. अजून ॲडमिट आहे. ब्रीडर म्हणतो, माझ्याकडून ठणठणीत गेलं होतं, इन्फेक्शन तुमच्या घरातलं, फार तर हे परत आणा आणि दुसरं घेऊन जा, आणि नो रिफंड नो गॅरंटी हे मी मेसेजमध्ये आधीच लिहिलं होतं.

ताई, पहिलं म्हणजे घाईत पिल्लू परत नेऊन देऊ नका. सलाईन लागलेलं पिल्लू प्रवासाला काढणं त्याच्या जिवावर बेतेल हे तर आहेच, पण एकदा ते ब्रीडरच्या ताब्यात गेलं की तुमचा पुरावाही गेला. आणि दुसरं पिल्लू तर मुळीच नको, पार्वोचा व्हायरस जमिनीवर, भांड्यांवर महिनोन्महिने टिकतो, म्हणजे त्याच्या जागेतलं पुढचं पिल्लूही त्याच वाटेने जायचं.

तुमची केस तारखांवर उभी आहे. पार्वोची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण 3 ते 7 दिवस लागतात आणि तुमच्याकडे पिल्लू आजारी पडलं जेमतेम 30 तासांत, मग लागण तुमच्या घरात कशी होईल? हे तुम्ही किंवा मी बोलून उपयोग नाही, डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घ्या, त्यात आणल्याची तारीख, लक्षणं कधी सुरू झाली ते आणि त्यांच्या मते लागण कधीची, हे सगळं यायला हवं.

तुम्ही पाठवलेला लसीच्या कार्डाचा फोटो मी झूम करून बघितला. स्टिकर चिकटवलंय, तारीख गुरुवारची, पण डॉक्टरची सही-शिक्का जिथे असतो तो चौकोन कोरा. म्हणजे लस कोणी टोचली, टोचली तरी का, काहीच कळत नाही. आणि इथेच समोरचा वकील एक मुद्दा काढेल, की नुकत्याच दिलेल्या लसीमुळेही विष्ठेची टेस्ट कधीकधी पॉझिटिव्ह येते. म्हणून नुसत्या किटच्या रिपोर्टवर राहू नका, ब्लड रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी किती खाली गेल्यात ते आणि लक्षणांचं वर्णन, दोन्ही फाइलला लावा.

आता कायदा. पिल्लाला माल म्हणणं कानाला खटकतं पण 1930 च्या मालविक्री कायद्यात जनावरंही मालच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलात मुदत नसेल तर सदोष माल 30 दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा. त्यामुळे नोटिशीत लिहा की डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की पिल्लू परत द्यायची तयारी आहे, किंवा ठेवायचंच असेल (तुमच्या मेलवरून तसंच वाटतंय) तर रिफंडऐवजी उपचाराचा खर्च आणि भरपाई मागा. नो गॅरंटीच्या मेसेजने आजार लपवून विकायची परवानगी मिळत नाही.

त्याने स्वतःच आयती दिलेली एक गोष्ट आहे, "पपी 45 डेज ओल्ड" हा त्याचा मेसेज. 2017 च्या डॉग ब्रीडिंग नियमांप्रमाणे 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, म्हणजे 56 दिवस. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, पिल्लाला मायक्रोचिप लागते, डॉक्टरचं हेल्थ सर्टिफिकेट लागतं. तुम्हाला यातलं काहीच मिळालेलं नाही, तेव्हा मंडळाकडे वेगळी तक्रार करा, नोंदणी नसेल तर नोटीस गेल्यावर सूर बदलतो बघा. मेसेज मात्र डिलीट करू नका, फोन बदलू नका, स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडावं लागतं.

तो नेहमी पिल्लं विकतो की घरच्या कुत्रीला एकदाच झालेली होती? नेहमीचा धंदा असेल तर व्यापारी ठरतो, त्याच्या जाहिराती आजच सेव्ह करा. एकदाचंच असेल तर ग्राहक आयोगात जरा अवघड जाईल, मग दिवाणी दावा.

आधी 15 दिवसांची नोटीस, स्पीड पोस्टाने. पैसे नाही दिले तर जिल्हा ग्राहक आयोग, तुम्ही राहता तिथलाच चालतो, दोन वर्षांची मुदत आहे, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. पिल्लापेक्षा उपचाराचं बिल मोठं झालंय म्हणून संकोच करू नका, जीव वाचवायला केलेला वाजवी खर्च मागता येतो, फक्त प्रत्येक औषधाची पावती हवी.

एक वाईट वाटतं तरी सांगते, पिल्लू वाचलं नाही तर पोस्टमॉर्टेम केल्याशिवाय पुरू नका. आणि घरी याआधी कधी कुत्रा होता का, कधी, कशाने गेला, हे मला खरं खरं कळवा, कारण ब्रीडरचा पहिला प्रश्न तोच असणार.