वाचकांचे प्रश्न : वरातीतला सॅक्सोफोन आणि स्वतःच्या नावाचा सूर

प्रश्न : मी परभणीचा, वय 24. आमचा घरचा बँड आहे. वडील क्लॅरिनेट वाजवतात आणि मी आठ वर्षांपासून आल्टो सॅक्सोफोन वाजवतो. वरात संपवून घरी आलो की रात्री मोबाइलवर ग्रोव्हर वॉशिंग्टन, डेव्हिड सॅनबॉर्न आणि केनी जी या अमेरिकी सॅक्सोफोनवादकांना ऐकत बसतो. मला असेच स्मूथ जॅझ, म्हणजे जॅझचा संथ आणि मधुर बाज, वाजवायचे आहे, तेही कोणत्या कंपनीच्या किंवा ऑर्केस्ट्राच्या आधाराशिवाय, स्वतःच्या नावावर. वडील म्हणतात, आपल्या भागात हे कोण ऐकणार? मित्र म्हणतात, मुंबई गाठ. बँड सोडावा का, मुंबईला जावे का, आणि यातून पोट भरेल का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : पोटाचा प्रश्न आधी घेतो, कारण घरातला वाद त्यावरूनच होत असणार. केवळ इंटरनेटवर रचना टाकून स्मूथ जॅझ वाजवणाऱ्याचे घर चालत नाही. स्पॉटिफायवर 2024 पासून असा नियम आहे की मागील बारा महिन्यांत किमान 1000 वेळा ऐकली न गेलेली रचना मोबदल्याला पात्रच ठरत नाही, आणि हा आकडा ओलांडल्यानंतरही हाती येणारी रक्कम फार लहान असते. हे संगीत जिथे वाढले त्या अमेरिकेतही वेगळे घडलेले नाही. 1987 साली लॉस एंजेलिसच्या ‘द वेव्ह’ या रेडिओ केंद्राने या बाजाचे संगीत दिवसभर ऐकवायला सुरुवात केली आणि पुढची वीस वर्षे अनेक सॅक्सोफोनवादकांची कारकीर्द रेडिओच्या जोरावर उभी राहिली. पुढे केंद्रांनी एकामागून एक आपला बाज बदलला, 2008 मध्ये न्यूयॉर्कचे प्रमुख केंद्रही गेले, आणि तेव्हापासून तिथल्या वादकालाही स्वतःचे लेबल (ध्वनिमुद्रण कंपनी), मैफली, शिकवण्या, दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रणातले वादन असे चार ठिकाणांहून थोडे थोडे आणून घर चालवावे लागते. स्वतंत्र वादक म्हणतात तो हाच.

म्हणून बँड सोडू नका. तुळशीचे लग्न लागल्यापासून आषाढापर्यंत लग्नसराई तुमच्या घरात पैसा आणते, आणि चातुर्मासात गणपतीचे दहा दिवस सोडले तर हात बऱ्यापैकी मोकळे असतात. ते महिने रियाज आणि ध्वनिमुद्रण यांसाठी राखून ठेवलेत, तर पहिल्या दोन-तीन वर्षांत तुम्हाला कोणाकडे हात पसरावा लागणार नाही. वडिलांना कद्री गोपालनाथ यांच्याविषयी अवश्य सांगा. त्यांचे वडील नागस्वर हे दक्षिणेतले सनईसारखे वाद्य वाजवत. मुलाने म्हैसूर राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला, त्यावर कर्नाटक संगीत वाजवायचे ठरवले आणि त्यासाठी वर्षानुवर्षे मेहनत घेतली. 1994 साली लंडनच्या बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवात त्यांचे वादन झाले आणि 2004 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ‘हे कोण ऐकणार’ हा प्रश्न त्यांनाही ऐकावा लागला असेल, असे मला वाटते.

आता वादनाविषयी, कारण खरे काम तिथेच आहे. बँडने तुम्हाला दम दिला आहे, तो विकत मिळत नाही. पण बँडनेच लावलेली एक सवय आता मोडावी लागेल. ताशा आणि ढोलाच्या गदारोळात सूर शेवटच्या माणसापर्यंत पोहोचावा म्हणून आपण ओठ आवळून, जोर लावून फुंकतो. स्मूथ जॅझमध्ये माइक वाद्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतो आणि त्यात सुराआधीचा श्वासदेखील ऐकू येतो. रोज सकाळी वीस मिनिटे खालच्या सप्तकातले लांब सूर अगदी हळू आवाजात, सुरुवात कुठे झाली हे कळू न देता वाजवा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐका. पहिले पंधरा दिवस सूर फाटेल, मधेच विझेल, घाबरू नका.

दुसरी गोष्ट पट्टीची. वरातीत सगळेच वाद्य थोडे चढले तर कोणाच्या लक्षात येत नाही, परंतु मायनस ट्रॅक, म्हणजे मुख्य वाद्य वगळून आधीच मुद्रित केलेली साथ, चढत नाही. मे महिन्यात परभणीत पारा 42 अंशांवर गेला की सॅक्सोफोनच्या नळीतली हवा तापून सूर वर सरकतो आणि ट्रॅकवरच्या कीबोर्डशी भांडू लागतो. अशा वेळी माउथपीस वाद्याच्या मानेवरच्या कॉर्कवर किंचित बाहेर ओढा आणि ट्यूनरवर पाहून तिथे पेन्सिलने बारीक खूण करा. हिवाळ्यासाठी दुसरी खूण असू द्या. माझ्या वाद्याच्या कॉर्कवर अशा तीन खुणा आहेत.

वाजवायचे काय, हे तुम्ही विचारलेले नाही, पण मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. केनी जींची नक्कल करणारे वादक प्रत्येक मोठ्या शहरातल्या हॉटेलात सापडतात आणि एक नाही आला तर दुसरा बोलावला जातो. तुमच्याच जिल्ह्यात गंगाखेड आहे, जनाबाईंचे गाव. जात्यावरच्या ओवीची पारंपरिक चाल तीन-चार सुरांतच फिरते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबून श्वास घेते. स्मूथ जॅझला नेमकी हीच मोकळी जागा हवी असते. त्या सुरांखाली इलेक्ट्रिक पियानोचे मेजर सेव्हन्थ आणि नाइन्थ कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) ठेवा, लय संथ ठेवा, आणि सुरावरून सुरावर जाताना बोटांऐवजी जबड्याने मींड घ्या. आजीने दळताना म्हटलेली ओवी आठवत असेल तर तिथूनच सुरुवात करा.

मुंबईत राहायला जाण्याची आज गरज नाही. मी मुंबईत चौदा वर्षे स्टुडिओत वाजवून छत्रपती संभाजीनगरला परतलो, आणि माझे आजचे बरेचसे काम घरच्या खोलीतून जाते. संगीत संयोजक ट्रॅक पाठवतात, मी वाजवून फाइल परत पाठवतो. खोलीच्या तीन भिंतींवर जाड वाकळी टांगल्या आहेत, पंखा बंद असतो, आणि इन्व्हर्टरची गुणगुण माइकमध्ये येऊ नये म्हणून तो दोन खोल्या पलीकडे हलवला आहे. कार्यक्रम असला की नांदेडहून येणारी तपोवन एक्स्प्रेस परभणीला थांबतेच. मुंबईला कामासाठी जा, ओळखी करा, दुसऱ्यांचे वादन ऐका आणि परत या. एवढे सांभाळा की हॉटेल किंवा कार्यक्रम घेणारी कंपनी मानधनातून टीडीएस कापून घेते, आणि विवरणपत्र भरले नाही तर तो पैसा तिकडेच राहतो.

मुंबईतली एक चूक मात्र मला आजही बोचते. एका कंपनीसाठी मी स्वतःच्या बारा रचना वाजवल्या आणि घाईत, न वाचता, सर्व हक्क एकरकमी मोबदल्यात लिहून दिले. त्यातली एक रचना मागच्या वर्षी एका दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात ऐकू आली. शेजारी बसलेल्या बाईंनी मुलाला ‘किती छान वाजतंय’ म्हणून सांगितले, आणि ते मी वाजवले आहे असे सांगायला माझ्याकडे कुठे नावही नव्हते. तुमच्या पहिल्या ध्वनिमुद्रणापासून वितरकाकडे, म्हणजे रचना स्पॉटिफायसारख्या सेवांवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडे, स्वतःच्या नावाने खाते उघडा, प्रत्येक ध्वनिमुद्रणाला ओळख म्हणून मिळणारा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक वहीत लिहून ठेवा, आणि रचनाकार म्हणून आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांचा मोबदला गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद व्हा.

प्रश्न : माझी मुलगी 12 वर्षांची आहे. तिला सॅक्सोफोन शिकून पुढे त्यातच करिअर करायचे आहे. वाद्य जड असते, दात आणि फुफ्फुसांवर ताण येतो, असे नातेवाईक सांगतात. लातुरात शिकवणार कोण? (एक पालक, लातूर)

उत्तर : ताई, मुलीचे पुढचे कायमचे दात आले असतील तर निर्धास्तपणे सुरुवात करा. आल्टो सॅक्सोफोनचे वजन साधारण अडीच किलो असते. मानेतल्या पट्ट्याऐवजी दोन्ही खांद्यांवरून येणारा पट्टा घ्या, म्हणजे मानेवर भार येणार नाही. फुफ्फुसांची धास्ती निराधार आहे. निरोगी मुलीला त्याने अपाय होत नाही. ओठांची बैठक समोर बसूनच शिकावी लागते, म्हणून पहिले तीन-चार महिने गावातल्या एखाद्या जाणत्या बँड मास्तरांकडे पाठवा आणि पुढे ऑनलाइन शिक्षक पाहा. ट्रिनिटी कॉलेज, लंडनच्या श्रेणी परीक्षांमध्ये सॅक्सोफोनसाठी जॅझचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. वाद्य घेताना स्वस्त नव्यापेक्षा चांगल्या बनावटीचे जुने बरे. करिअरचा निर्णय तिला आणखी सहा वर्षांनी घेऊ द्या.

प्रश्न : मी एका जुन्या हिंदी चित्रपटगीताचे स्मूथ जॅझ रूप सॅक्सोफोनवर वाजवून यूट्यूबवर टाकले. सगळे वादन माझे स्वतःचे आहे, तरीही त्यावर हक्काचा दावा आला आणि जाहिरातीचे उत्पन्न दुसरीकडे गेले. हा अन्याय नाही का? (एक वाचक, बीड)

उत्तर : तुमची तळमळ मला समजते, पण हा अन्याय नाही. एका गाण्यात निदान दोन वेगळे हक्क असतात. चाल संगीतकाराची, आणि ध्वनिमुद्रण ते करणाऱ्याचे. तुम्ही वाजवलेले ध्वनिमुद्रण तुमचे आहे, चाल तुमची नाही. आपल्याकडे संगीतरचनेचा हक्क रचनाकाराच्या निधनानंतर 60 वर्षे टिकतो, आणि बहुतेक जुन्या चित्रपटगीतांच्या बाबतीत तो करारानुसार एखाद्या संगीत कंपनीकडे गेलेला असतो. शब्द न गाता केवळ सॅक्सोफोनवर वाजवले म्हणून चालीचा हक्क संपत नाही.

अभंगांच्या बाबतीत लोक हमखास फसतात. एकनाथ किंवा नामदेवांचे शब्द सर्वांचे आहेत, परंतु लोकप्रिय झालेली चाल एखाद्या आधुनिक संगीतकाराने बांधलेली असेल तर तिच्यावर त्याचा हक्क आहे. वारकऱ्यांच्या भजनातली पारंपरिक चाल घ्या किंवा स्वतः बांधा. गाजलेले गाणे वाजवल्याने श्रोते पटकन मिळतात हे मान्य आहे, त्यामुळे ओळख होण्यापुरती अशी दोन-तीन गाणी ठेवायला हरकत नाही. त्यांच्याकडून उत्पन्नाची अपेक्षा मात्र ठेवू नका. शक्ती स्वतःच्या रचनांवर खर्च करा.

प्रश्न : एका हॉटेलच्या हिरवळीवर दर शनिवारी वाजवतो. उन्हाळ्यात रीड वाकते आणि जी-शार्पची कळ ऐन वेळी चिकटते. (एक वाचक, जालना)

उत्तर : रीड, म्हणजे माउथपीसवर बसणारी पातळ पट्टी, बोरूसारख्या गवताच्या जाड देठापासून बनते. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ती झटकन सुकते आणि तिच्या टोकाला पापडासारख्या लाटा येतात. वाजवण्याआधी ती साध्या पाण्यात मिनिटभर ठेवा, मग काचेच्या सपाट तुकड्यावर अंगठ्याने अलगद दाबून टोक सरळ करा. वाजवून झाल्यावर ती माउथपीसवर ठेवू नका. बंद डबीत ठेवा. एकाच रीडवर विसंबू नका, चार रीड आलटून पालटून वापरा. आठवड्याला ठरलेला कार्यक्रम असेल तर एक कृत्रिम रीडही जवळ असावी. तिचा आवाज मला तितका आवडत नाही, पण ती वाकत नाही. जी-शार्पचे पॅड बंद स्थितीत बसून राहते, आणि थुंकी, धूळ, चहातली साखर तिथे जमते. वाजवण्याआधी दात घासा, आणि पॅडखाली पातळ कोरडा कागद सरकवून पॅड वरून हलकेच दाबून तो ओढून घ्या, कागद स्वच्छ निघेपर्यंत.